कोकमाच्या गोळीने उंदीर बारीक होतो. बरं मग?

पिंजरेवाली

परवा मावशीने गोळ्यांच्या डब्याचा फोटो पाठवला. 'वजन घटवणारा कोकम अर्क, प्रयोगशाळेत सिद्ध.' खाली मुंगीएवढ्या अक्षरांत 'उंदरांवरील अभ्यासानुसार'. "तू उंदीरच सांभाळायचीस ना? घेऊ का सांग." पीएचडीची साडेचार वर्षं खरंच उंदीर सांभाळले, त्यामुळे उत्तर लांबलं. ते इथेच टाकते.

रीत साधारण अशी. काळे सी५७ जातीचे नर उंदीर घ्यायचे आणि ६० टक्के उष्मांक चरबीतून मिळतील असं खाद्य सुरू करायचं. आमच्याकडे त्याच्या निळ्या गोळ्या यायच्या, बोटाने दाबल्या जातील इतक्या मऊ. फ्रिजात ठेवल्या नाहीत तर खवट होतात. तीन-चार महिन्यांत पंचवीस ग्रॅमचा उंदीर चाळिशी ओलांडतो. मग निम्म्यांना अर्क, निम्म्यांना नाही. अर्कवाले हलके भरले की पेपर तयार.

पण हलके का भरले? माझ्या पहिल्या प्रयोगात सरासरी चार ग्रॅमचा फरक आला, पेढे आणायच्या बेतात होते. पिंजरे बदलताना तळाचा भुसा चाळला तर निळा चुरा निघाला. अर्क खाद्यात मिसळलेला होता आणि इतका कडू की उंदीर गोळी कुरतडून खाली टाकत होते. आम्ही जे 'खाल्लं' म्हणून वहीत मांडत होतो ते तळाला पडलं होतं. मग जोडीचा गट ठेवला. त्यांना अर्क नाही, पण अर्कवाल्यांनी काल जेवढं खाल्लं तेवढंच आज वाढायचं. फरक गेला. साडेतीन महिने खपून मी उपासाचा शोध लावला होता.

चूक माझी, कबूल. पण वनस्पतींच्या अर्कांवरचे पेपर वाचा, जोडीचा गट किती जणांनी ठेवलाय बघा.

दुसरं, थंडी. प्राणिगृह २२ अंशांवर असतं, कारण अंगावर कोट घालून काम करणाऱ्या आम्हाला ते बरं वाटतं. उंदराला सोसतं ते साधारण ३० अंश. म्हणजे तो बिचारा बारा महिने अंग गरम ठेवण्यासाठी चरबी जाळत असतो. अशा प्राण्यात 'चयापचय वाढवणारं' काहीही चमकून दिसतं. दुलई घेऊन झोपणाऱ्या माणसात ते तसंच दिसेल हे कशावरून?

आता कोकम. त्यातलं हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल १९६५ साली म्हैसूरला लुईस आणि नीलकंठन यांनी कोकमाच्याच गार्सिनिया घराण्यातल्या दुसऱ्या एका फळात ओळखलं. साखरेपासून चरबी बनवण्याच्या वाटेवरचं एक विकर (एन्झाइम) ते अडवतं. साखरेवर पोसलेल्या घुशीचं (प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदराचं, 'रॅट'चं) यकृत अशी चरबी भराभर बनवतं, म्हणून तिथे परिणाम दिसला. रोजचं जेवण जेवणाऱ्या माणसात ही वाट अरुंद. आपल्या शरीरावरची चरबी बहुतेक थेट तेला-तुपाचीच. १९९८ साली अमेरिकेत १३५ जाड माणसांवर बारा आठवडे चाचणी झाली, रोज दीड ग्रॅम आम्ल. गोळीवाल्यांचं वजन सरासरी ३.२ किलो घटलं, खोट्या गोळीवाल्यांचं ४.१.

माझं मत: जोडीचा गट आणि उबदार खोली नसेल तर 'उंदराचं वजन घटलं' हे वाक्य छापायलाच नको.

रसायनी

निम्मं पटलं. पण तुमच्या धाग्याचा सूर 'उंदीर काही कामाचा नाही' असा लागतोय, तो चुकीचा.

ऑर्लिस्टॅट या वजनाच्या औषधाचं उदाहरण बघा. मातीतल्या स्ट्रेप्टोमायसीस जिवाणूकडून मिळालेल्या लिपस्टॅटिनपासून आलेलं, म्हणजे शंभर टक्के 'नैसर्गिक' घराण्यातलं. आतड्यात चरबी फोडणारं विकर बंद करतं, खाल्लेल्या चरबीचा सुमारे तिसरा हिस्सा तसाच बाहेर. हे विकर उंदराचं आणि माणसाचं काम एकच करतं, म्हणून उंदराने सांगितलं ते माणसात उतरलं. १९९९ पासून अमेरिकेत मिळतंय. गिला मॉन्स्टर सरड्याच्या विषातलं एक्सेंडिन-४ जॉन एंग यांनी १९९२ मध्ये कळवलं, त्यातून मधुमेहाचं इंजेक्शन आलं २००५ साली. ते पेशीवरच्या ज्या रिसेप्टरला (निरोप घेणाऱ्या रेणूला) चिकटतं, त्याच रिसेप्टरवर आजची गाजणारी वजनाची इंजेक्शनं चालतात. मधली सगळी वाट प्राण्यांवरूनच गेली.

आणि तुमच्याच कोकमाच्या आम्लाचं. २००५ साली जपानी गटाने झुकर जातीच्या जाड घुशींना ते भरपूर दिलं. चरबी घटली, पण नरांच्या वृषणांची वाट लागली. हे घुशीने सांगितलं म्हणून बरं, नाहीतर तुमच्या काकांनी सांगितलं असतं.

सव्वाशेर

काकांचं वजन तरी घटलं असतं.

वैद्य कुडाळकर

आमच्याकडे अंगावर पित्त उठलं की आमसुलाचं पाणी लावतात, जेवणानंतर सोलकढी पितात. कोकम खाऊन बारीक व्हा असं आमच्या आजीने कधी सांगितलं नाही. एकच आम्ल काढून गोळीत ठासायचं आणि मग म्हणायचं, बघा, आयुर्वेद उंदरावर चालला नाही! उंदराला प्रकृती असते का? पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी खाल्लेल्या वस्तूला उंदराचं प्रमाणपत्र कशाला?

पिंजरेवाली

वैद्यबुवा, आजीबद्दल सहमत, पुढच्याबद्दल नाही. पिढ्यान्‌पिढ्या खाल्लं ते आमटीतलं चार आमसुलांचं. अर्क ही वेगळी वस्तू आहे. गार्सिनियाच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. सोलकढी पिऊन झाल्याचं मी तरी ऐकलं नाही.

सव्वाशेर

उंदराला प्रकृती नाही म्हणे. डब्यावर मात्र उंदीरच छापतात.

नवशिकी

एक बाळबोध शंका. पेपरात '५०० मिग्रॅ प्रति किलो' असतं. ६० किलोच्या माणसाला ३० ग्रॅम अर्क?

रसायनी

नाही, सरळ गुणायचं नाही. लहान प्राण्याचं चयापचय वेगवान, त्यामुळे उंदराचा डोस १२.३ ने भागतात, घुशीचा ६.२ ने. ५०० चे झाले साधारण ४०, म्हणजे ६० किलोला रोज सुमारे २.४ ग्रॅम. शक्य आहे. पण घुशीला किलोमागे एक ग्रॅम दिलेलं असेल तर तुम्हाला रोज पावणेदहा ग्रॅम अर्क गिळावा लागेल. डबा आठवड्यात संपेल.

भूतदया

तुमचं गणित चालू द्या. मला एवढंच दिसतं की शेवटी उंदीर मारून त्याची चरबी तराजूत टाकतात, आणि ज्या प्रश्नासाठी मारला तो प्रश्नच नीट विचारलेला नव्हता हे धागाकर्तीच सांगतेय. प्राण्यांवरच्या प्रयोगांना मान्यता देणाऱ्या समितीची परवानगी होती ना? मग समितीने जोडीचा गट का मागितला नाही? पेशींवर करा, माशांवर करा.

रसायनी

झेब्रामाशाच्या पिल्लांवर करतातच. पारदर्शक असतात, रंग सोडला की चरबी चमकते, शेकडो अर्क चाळून होतात. पण भूक पेशीला लागत नाही. २०१५ मध्ये थंडर गॉड वेलीतलं सेलास्ट्रॉल जाड उंदरांना दिलं तर वजन ४५ टक्क्यांपर्यंत घटलं, कारण त्यांचं खाणंच घटलं. मात्र लेप्टिन (भूक आवरणारं संप्रेरक) जन्मतःच नसलेल्या 'ओबी' जातीच्या उंदरांवर काही परिणाम नाही. त्यावरूनच कळलं की मामला लेप्टिनचा आहे. हे कुठल्या बशीत कळणार होतं? (वेल विषारी आहे, कुणी शोधायला जाऊ नका.)

पिंजरेवाली

पण हे उदाहरण माझ्या बाजूचं झालं! त्यांनी कारण शोधलं, 'घटलं' म्हणून थांबले नाहीत. आणि उंदराला जे बोलता येत नाही त्याचं काय? रिमोनाबँट हे वजनाचं औषध युरोपात २००६ मध्ये आलं, प्राण्यांत छान चाललं होतं. माणसं उदास व्हायला लागली, आत्महत्येचे विचार येऊ लागले, २००८ मध्ये मागे घ्यावं लागलं.

भूतदया, समितीचा प्रश्न रास्त आहे. आम्ही किती उंदीर लागतील ते लिहून दिलं होतं, त्यांनी त्यातले कमी करायला सांगितले. जोडीचा गट म्हणजे आणखी आठ उंदीर. मीच मागितले नाहीत. म्हणून प्रयोग दुसऱ्यांदा करावा लागला, आणि आठांच्या जागी चोवीस गेले.

भूतदया

हे लिहिलंत ते बरं केलंत.

रसायनी

त्या दुसऱ्या प्रयोगाचं पुढे काय झालं? छापलात?

पिंजरेवाली

प्रबंधात आहे, तिसरं प्रकरण. पेपर म्हणून दोन ठिकाणी पाठवला, दोन्हीकडून परत. एकाने लिहिलं, 'परिणाम आढळला नाही, सबब नवीन काही नाही.' चार ग्रॅमवालाच पाठवला असता तर एव्हाना कुणाच्या तरी डब्यावर असता.

रसायनी

तिसरं प्रकरण व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. वाचतो.

नवशिकी

आणि मावशी?

पिंजरेवाली

डबा दुकानदार परत घेत नाही म्हणते. आमसुलं मागवलीयत.