दोन खवल्यांवरून नवी प्रजाती?

मुळाकाठ: काल इथे कुणीतरी लिहिलं, "दर महिन्याला सह्याद्रीत माशाची नवी प्रजाती. दोन खवले कमी भरले की ठेवलं नाव. मासा तोच, बायोडेटा संशोधकांचा वाढतो." दिवसभर ते डोक्यातून जाईना.

मी खवले मोजले आहेत. बोटाच्या दोन पेरांएवढा मासा भिंगाखाली ठेवून, सुईच्या टोकाने एकेक खवला दाबत पार्श्वरेषा, म्हणजे अंगाच्या बाजूने जाणारी खवल्यांची ओळ, मोजायची. नजर हलली की कल्ल्यापासून पुन्हा. मासा टिकवायच्या फॉर्मालिनने डोळे झोंबतात. माशाची लाली उडते आणि काळे ठिपके तेवढे उरतात, म्हणून जिवंतपणीच फोटो काढावा लागतो. असे वीस मासे मोजून झाले की दोन खवल्यांचा फरक कुणी चेष्टेवारी नेऊ शकत नाही.

छोट्या माशावर दोन ठिपके दिसले की 'टिक्टो' हे प्रजातीचं नाव लिहून मोकळं व्हायचं, असं वर्षानुवर्षं चाललं. हॅमिल्टनने १८२२ मध्ये वर्णन केलेली टिक्टो बंगालकडची. आपल्या पवना-नीरेतली २०१६ मध्ये पेथिया संजयमोलुरी म्हणून वेगळी निघाली.

कातळशिल्प: ते वाक्य माझंच, आणि मागे घेत नाही. २०१२ मध्ये शास्त्रज्ञांनी पुंटियस या छोट्या माशांच्या मोठ्या गटाचे तुकडे केले. त्यातल्या एका गटाला द्रविडिया म्हटलं, तर ते नाव आधीच एका माशीला दिलेलं! पुढच्या वर्षी हलुडारिया केलं. मी बारा वर्षं टाक्यांत बार्ब, म्हणजे हेच मासे, पाळतोय, चिठ्ठ्या किती वेळा बदलायच्या? आणि गावात या छोट्या माशाला खवलीच म्हणतात. तिला नव्याने कसलं नाव देता?

शेवाळ: गावची नावं शास्त्रानेच घेतलीत. साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची वर्णनं केली. गारा मुल्या म्हणजे आपला मळ्या, कोलस म्हणजे कोळशी. पण 'खवली' म्हटलं तर चार वेगळे मासे एकाच नावात जातात. त्यातला एक संपला तर कळणार कुणाला?

आणि संपतोयच. पहिल्या पावसात गाभोळीने फुगलेले मासे वर चढतात, तेव्हाच लोक टोपल्या घेऊन उभे. या वलगणीच्या मासेमारीचे फोटो टाकून मिरवता, लाज वाटायला हवी.

भातखाचर: लाज कुणाला? माझे आजोबा वलगणीला जायचे, मीही गेलोय. रात्री बत्ती घेऊन बांधावर उभं राहायचं, पायाला मासे लागायचे. तरी दरवर्षी ओढा भरायचा. आठ वर्षांपूर्वी वरच्या अंगाला बंधारा झाला. पुढच्या पावसात भिंतीखाली मासे उड्या मारमारून मेले, आईने ते पाटीभर गोळा केले पण शिजवले नाहीत. वर गावला तो बाहेरून आणलेला तिलापिया. शहराचं सांडपाणी नदीत, आणि दोष आमच्या टोपलीला!

शेवाळ: बंधाऱ्याचं मान्य, तिथे तुमचंच खरं. पण ओढ्याच्या तोंडाला मच्छरदाणी लावून बोटाएवढं पिल्लूही सोडत नाहीत, ही आजोबांची पद्धत नव्हती.

भातखाचर: मच्छरदाणी वाईटच. आमच्यातले दोघे लावतात, भांडलोय त्यांच्याशी. पण मासे मारायला पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकणारे बाहेरचे गाड्या घेऊन येतात, त्यांना आडवायला मीच एकटा होतो. तेव्हा खवले मोजणारे कुठे होते?

मुळाकाठ: वर्गात. हा राग मला लागू आहे. तरी आंबोलीचं बघा. हिरण्यकेशी नदीच्या उगमाजवळच्या मुऱ्या माशाला २०२० मध्ये शिस्टुरा हिरण्यकेशी नाव मिळालं आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. बिननावाच्या माशासाठी कुठल्या कागदावर काय लिहिणार?

कातळशिल्प: आंबोलीपुरतं कबूल. तिथे देऊळ होतं, आधीपासून राखण होती, हेही लिहा. पवनेच्या माशाला २०१६ पासून नाव आहे. पिंपरीच्या पुलावर उभं राहून सांगा, त्याने पाणी किती स्वच्छ झालं.

भातखाचर: पिंपरीचं तुम्ही बघा. आमच्या बंधाऱ्याला माशाची वाट ठेवा, असा अर्ज ग्रामपंचायतीत द्यायचाय. खाली कुठला मासा अडतो ते नावानिशी लिहून देणारं कुणी आहे का? जूनच्या पहिल्या पावसाला या. भिंग आणा, टोपली माझ्याकडे आहे.

मुळाकाठ: येतो.