रॉड्रिग्ज हे आडनाव मुळात जर्मन?

कोपऱ्यातलं_टेबल: आमच्या ऑफिसात वसईचा एक रॉड्रिग्ज आहे, परवा जेवताना म्हणाला आमचं आडनाव पोर्तुगीज वाटतं पण त्यातलं रॉड्रिगो हे नाव जर्मन आहे. मला वाटलं फेकतोय, कुठे पोर्तुगाल कुठे जर्मनी. कोणाला नक्की माहितीये का? आणि अर्थ काय त्याचा?

शब्दकिडा: फेकत नाहीये. फक्त जर्मनी देश डोक्यातून काढ, इथे जर्मॅनिक टोळ्या म्हणायचंय. रोमन साम्राज्य ढासळत होतं तेव्हा पाचव्या शतकात व्हिसिगॉथ (गॉथांपैकी एक, अशीच एक जर्मॅनिक टोळी) स्पेनमध्ये शिरले, पुढे राज्यच केलं, आणि त्यांची भाषा मेली तरी नावं राहिली. ह्रोथ म्हणजे कीर्ती, रिक म्हणजे सत्ताधीश, त्याचं लॅटिनमध्ये रोडेरिकुस आणि मग रॉड्रिगो. ७११ मध्ये मुस्लीम सेनापती तारिक इब्न झियादने ज्याला हरवलं तो व्हिसिगॉथ राजा पण रॉडरिकच. फर्नांडो, गोन्सालो हीसुद्धा गॉथांकडचीच.

उनाड_पोर: म्हणजे 'कीर्तिमान राजा'? बाळांच्या नावांच्या साइटवर हेच दिलंय

शब्दकिडा: तिथेच गंमत आहे, त्या साइटी दोन तुकडे जोडून वाक्य बनवतात. जर्मॅनिक लोक ठरलेल्या तुकड्यांतून नाव जुळवायचे, बरेचदा आईबापाच्या किंवा नातलगाच्या नावातला तुकडा पोराला द्यायचे, त्यामुळे पूर्ण नावाचा अर्थ लागलाच पाहिजे असं काही नव्हतं. तोच ह्रोथ रॉजरमध्ये आहे (पुढे भाला) आणि रॉबर्टमध्येही (पुढे तेजस्वी). रशियाच्या जुन्या राजघराण्याचा मूळपुरुष रुरिक, त्याचं नाव तर सरळ रॉडरिकचंच नॉर्स (जुनं स्कँडिनेव्हियन) भावंड.

वसईची_केळी: आमच्याकडचं सांगते. शेवटचा 'एस' (Rodrigues मधला -es) म्हणजे 'चा मुलगा', रॉड्रिगोचा तो रॉड्रिग्ज, स्पेनमध्ये त्याचंच रॉड्रिगेज होतं. पण म्हणून वसईतले रॉड्रिग्ज गॉथांचे वंशज नव्हेत हां 😄 १५३४ ते १७३९ इथे पोर्तुगीज होते, तेव्हा धर्मांतर झालेल्यांना बाप्तिस्म्यात आडनावं मिळाली, कुणाला पाद्रीचं, कुणाला धर्मपित्याचं. म्हणून एकाच गावातली दोन रॉड्रिग्ज घरं नात्यातली असतीलच असं नाही, लग्न जुळवताना विचारावंच लागतं.

कोपऱ्यातलं_टेबल: भारीच. मग गोवा घेणारा अल्बुकर्क, त्याचं अफोन्सो पण ह्यातलंच का?

शब्दकिडा: हो, तेही गॉथांचंच. मागचा तुकडा फुन्स, म्हणजे सज्ज. पुढच्यावर मात्र अभ्यासकांचं भांडण आहे, कोणी 'कुलीन' म्हणतं कोणी 'लढाई'.