मदत हवी आहे : ओपनव्हीएमएसमध्ये बाहेरच्या पातळीवरील सिंबॉल एकत्र कसे पाहावेत?

ओपनव्हीएमएस या संगणक कार्यप्रणालीवरील एका जुन्या कमांड प्रोसीजरमध्ये (आज्ञांच्या फाइलमध्ये), जी दुसऱ्या प्रोसीजरमधून बोलावली जाते, ‘शो सिंबॉल’ या आज्ञेपुढे नाव दिले की बाहेरच्या प्रोसीजरमध्ये एकेरी बरोबर चिन्हाने (=) ठरवलेला स्थानिक सिंबॉलही (किमतीला दिलेले नाव) व्यवस्थित दिसतो. किंमत संख्या असेल तर, उदा. 10, त्या दशमान किमतीसोबत षोडशमान व अष्टमान रूपेही येतात. मात्र ‘/लोकल/ऑल’ जोडल्यावर फक्त चालू पातळीची, म्हणजे आतल्या प्रोसीजरची, यादी मिळते आणि ‘/ग्लोबल/ऑल’ने दुहेरी बरोबर चिन्हाने (==) ठरवलेलेच, म्हणजे ग्लोबल, सिंबॉल येतात. नावे आधी ठाऊक नसताना (मूळ लेखकाने टिपणे ठेवलेली नाहीत) बोलावणाऱ्या प्रोसीजरचे सर्व स्थानिक सिंबॉल आतूनच पाहण्याचा काही मार्ग आहे का, की ती यादी बाहेरच्या पातळीवरच छापून घ्यावी लागेल? जाणकारांनी कृपया सांगावे.