अनुभव धागा : दरमहा दीड हजार आणि पात्रतेचा पुरावा

जुलै २०२४ पासून ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे दरमहा १५०० रुपये लागू झाले, तेव्हापासूनची चर्चा बहुतेक वेळा पैसे द्यावेत की नाहीत यावरच घुटमळत राहिली आहे. पात्रता सिद्ध करताना ज्यांची दमछाक होते, त्यांचे अनुभव मात्र फारसे लिहिले जात नाहीत. ते येथे सविस्तर मांडावेत, ही विनंती. संजय गांधी निराधार, श्रावणबाळ अशा निराधार व वृद्धांना दरमहा अर्थसाहाय्य देणाऱ्या जुन्या योजनांबद्दलही अवश्य लिहावे. कोणाचे नाव किंवा आधार क्रमांक देऊ नये.

अंगणवाडी सेविका
सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीणची ई-केवायसी (आधारद्वारे ऑनलाइन ओळख पडताळणी) सुरू झाली, तेव्हा स्वतःच्या आधारनंतर पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक भरून त्यांच्या मोबाइलवर आलेला ओटीपी द्यावा लागत होता. आमच्या वस्तीतील एका विधवा ताईंचे वडीलही हयात नव्हते. तो रकाना मोकळा सोडता येईना, आणि ‘आता कोणाचा आधार टाकू?’ या त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. वडील नसलेल्या आणि नवऱ्याने टाकलेल्या बायकांची अवस्था याहून बिकट होती, कारण ज्याने घराबाहेर काढले त्याच्याकडेच ओटीपी मागायचा होता. पुढे मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली आणि पती व वडील दोघेही नसलेल्यांना मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा आदेश अंगणवाडीत जमा करण्याची सोय झाली. विधवांची अडचण त्यामुळे बरीच दूर झाली; परंतु जिने कोर्टाची पायरीच चढलेली नाही, तिच्याकडे आदेश येणार कुठून?

तहसीलमधील निवृत्त कर्मचारी
मी संगायो (संजय गांधी योजना) शाखेत अनेक वर्षे काम केले. लाडकी बहीणसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे, तर निराधार योजनेसाठी ती २१ हजार आहे. दिव्यांगांना ५० हजारांपर्यंत सवलत मिळते. २१ हजार म्हणजे महिन्याला १७५० रुपये. एवढ्यात अख्खे घर चालते असा दाखला तलाठ्यांनी द्यायचा, आणि तो ग्राह्य धरून आम्ही प्रकरण समितीपुढे ठेवायचे, अशी ही रीत आहे. आठवड्यातून दोन दिवस मजुरीला जाणारी विधवासुद्धा खरे उत्पन्न सांगितले तर अपात्र ठरते. ही मर्यादा वाढवल्याशिवाय पडताळणी कितीही कडक केली तरी गरजू माणूसच गाळला जाईल, असे माझे ठाम मत आहे.

सोलापूरहून एक मुलगी
विड्या वळून वळून आईच्या बोटांचे ठसे पुसट झाले आहेत. श्रावणबाळचे पैसे खात्यावर जमा होतात, परंतु गावातील केंद्रावर यंत्र तिचा अंगठा स्वीकारत नाही आणि ती रिकाम्या हाताने परत येते. बँकेची शाखा तालुक्याला आहे; मी रजा काढून आले तरच तिला पैसे मिळतात.

शासकीय वसतिगृहातील विद्यार्थी
२०२५ मध्ये सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास विभागांचा निधी लाडकी बहीणकडे वळवला गेला, त्याच सुमारास आमचा निर्वाह भत्ता रखडला होता. दोहोंचा थेट संबंध होता असा माझा दावा नाही. तरीही अनुसूचित जाती-जमातींसाठी राखलेला पैसा सर्वसाधारण योजनेला द्यावा का, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेले नाही.

एक लाभार्थी
माझ्या औषधांचा खर्च या दीड हजारांतून भागतो आणि त्यासाठी मुलापुढे हात पसरावा लागत नाही, याचे मोल मला फार वाटते. लवकरच मला ६५ पूर्ण होतील आणि हा लाभ थांबेल. त्यानंतर श्रावणबाळसाठी २१ हजारांच्या आतील उत्पन्नाचा दाखला लागेल, पण मुलाची नोकरी असल्यामुळे तो मिळणे अवघड आहे. त्याचे घर वेगळे आहे आणि शिधापत्रिकाही वेगळी आहे. अशा स्थितीत कोणाचा अर्ज मंजूर झाला असल्यास कोणते कागद जोडावे लागले, ते कृपया येथे लिहावे.