मदत हवी आहे: निवाऱ्यातल्या एकाला टीबी निघाला, आम्ही काय करावं?

मंडळी,
सांगलीत बेघरांच्या निवारा केंद्रात मी रात्रपाळीला मदतनीस आहे. एसटी स्टँड, मिरज जंक्शन, घाट, जिथून माणसं येतील त्यांची अंघोळ, दाढी-कटिंग, जेवण आम्हीच बघतो. एका आजोबांचा खोकला महिनाभर हटेना, थुंकी तपासली तर टीबी. त्यांची औषधं सुरू झालीत. पण आम्हा मदतनिसांचं काय? आम्हीही गोळ्या घ्यायच्या का?

घरी सासूबाईंना शुगर आहे. जाऊबाईंनी माझा कप वेगळा काढलाय.

शिवाय खरूज पाठ सोडत नाही. मलम लावतो, पंधरा दिवसांनी बोटांच्या बेचक्यात पुन्हा तेच. आणि दाढी करताना वापरलेलं ब्लेड हाताला लागलं तर?

"आम्ही इतकी वर्षं करतोय, काही होत नाही" हा सल्ला केंद्रात रोज मिळतो, इथे नको.

मिरजेची_सिस्टर:
ताई, आधी कप परत घ्या. टीबी कपाबशीतून किंवा कपड्यांतून पसरत नाही. खोकल्याबरोबर जंतू हवेत जातात आणि बंद खोलीत तासन्‌तास तरंगतात. डासांमुळे रात्री खिडक्या लावून घेत असाल ना? जाळ्या मारा, पण खिडक्या उघड्या ठेवा. आजोबांना साधा सर्जिकल मास्क, तुम्हाला एन-95. हातमोज्यांनी टीबी अडत नाही.

गोळ्या मनाने अजिबात नकोत. आधी तपासणी आणि छातीचा एक्स-रे. आजार नाही याची खात्री झाल्यावरच प्रतिबंधक गोळ्यांचं डॉक्टर ठरवतात. आत खरा टीबी असेल आणि एखाददुसरं औषधच पोटात गेलं, तर जंतू त्याला दाद देईनासे होतात. घरी शुगरचा पेशंट आहे हेही सांगा. पुढेही दोन आठवड्यांवर खोकला, ताप किंवा वजन घटणं दिसलं की लगेच दाखवा.

खरूज परत येते कारण खाजतं तेवढ्याच जागी मलम लावतात. पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुटायला 4 ते 6 आठवडे जातात, तोवर माणूस नकळत ती इतरांना देत फिरतो. डॉक्टरांना विचारून सगळ्यांनी एकाच रात्री पर्मेथ्रिन (खरजेचं मलम) लावा, मानेपासून तळपायापर्यंत, नखांखालीसुद्धा. सकाळी अंघोळ, आठवड्याने पुन्हा. चादरी त्याच दिवशी गरम पाण्यात.

कृष्णाकाठचा:
ब्लेड लागलं तर जखम पिळू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने धुऊन थेट सरकारी दवाखाना गाठा. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध 72 तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, तेही जितकं लवकर तितकं बरं. कोर्स 28 दिवसांचा. हिपॅटायटिस बी (रक्तातून पसरणारी कावीळ) ची लस आत्ताच घेऊन ठेवा (पहिला डोस, मग 1 आणि 6 महिन्यांनी), खर्च संस्थेकडे मागा. लाजू नका, ते त्यांचंच काम आहे.

धागाकर्ती:
खिडक्या खरंच बंद असतात! जाळ्यांचं उद्याच बोलते. पण आमच्याकडे एकच हॉल आहे. आजोबांना झोपवू कुठे?

मिरजेची_सिस्टर:
औषधाचे पहिले दोन आठवडे तरी व्हरांड्यात, आडोसा करून, जाड पांघरुणात. ते जमत नसेल तर डॉक्टरांना भरती करून घेता येईल का विचारा. रात्री परत रस्त्यावर मात्र पाठवू नका, गोळ्या तिथेच सुटतात.