मदत हवी आहे: प्रेसमधला जुना कॉम्प्युटर नव्याला लॅन केबलने थेट जोडून डेटा न्यायचाय

कारंजावाली

नमस्कार मंडळी,

नाशिकला रविवार कारंजाजवळ बाबांची छोटी प्रेस आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, हँडबिलं, गणपतीत मंडळांची पावतीपुस्तकं. सगळं काम विंडोज ७ च्या एका जुन्या डेस्कटॉपवर, कोरलड्रॉ आणि लॉकवाल्या श्रीलिपीत (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, मशीनला त्याचं लॉक लावल्याशिवाय चालत नाही) चालतं. आता विंडोज ११ चं नवीन मशीन घेतलंय आणि जुन्यातला साधारण ९०० जीबी डेटा त्यात न्यायचाय. त्यात २०१५ च्या सिंहस्थाचं बरंच काम आहे, भंडाऱ्यांची निमंत्रणं, पास, फलक. पुढचा सिंहस्थ तोंडावर आलाय आणि गिऱ्हाईक येऊन म्हणतं, "मागच्या वेळी दिलं होतं तसंच द्या." त्यामुळे एकही फाइल सुटून चालणार नाही.

प्रेसमध्ये राउटर नाही, नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतं. जुन्या मशीनला सगळे पोर्ट यूएसबी २.० चे. पेनड्राइव्हने थोडं थोडं नेऊन पाहिलं, पण कुठला फोल्डर झाला आणि कुठला राहिला याचा हिशेबच लागेना. म्हणून दोन्ही मशीन लॅन केबलने थेट जोडली. पोर्टचे दिवे लागतात, पण दोन्हीकडे "अनआयडेंटिफाइड नेटवर्क" येतं. आयपीकॉन्फिग (मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता दाखवणारी कमांड) दिलं की दोन्हीकडे १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसतो. पिंग (समोरचं मशीन उत्तर देतं का हे बघायची कमांड) जात नाही. जुन्यावर "कामे" हा फोल्डर शेअर केलाय, पण नव्यात तो दिसत नाही.

क्रॉसओव्हर केबल लागेल का? एका दुकानात दोन्ही टोकांना नेहमीचं चपटं यूएसबी असलेली साधी केबल दाखवली, "ही लावा, डायरेक्ट जाईल" म्हणाले. मी घेतली नाही, पण ती चालते का? बाबा रोज विचारतात आणि माझ्याकडे उत्तर नाही. कृपया समजेल असं सांगा.

सातपूरकर

ताई, ती यूएसबी केबल घेतली नाहीत हे फार बरं झालं. दोन्ही कॉम्प्युटर आपापल्या पोर्टमधून ५ व्होल्ट बाहेर देतात. साध्या केबलने ते समोरासमोर जोडले तर फाइल जात नाहीतच, वर पोर्ट किंवा बोर्ड जळण्याची भीती. डेटा नेण्यासाठी यूएसबीची ब्रिज केबल वेगळी मिळते, तिच्या मध्ये छोटी डबी असते. तुम्हाला तिचीही गरज नाही.

क्रॉसओव्हर लागणार नाही. एका बाजूची पाठवायची तार दुसऱ्या बाजूच्या घ्यायच्या तारेला जोडायची, एवढंच त्या केबलचं काम. गिगाबिट पोर्ट (वेगवान लॅन पोर्ट) ही अदलाबदल स्वतःच करतात.

१६९.२५४ दिसतंय ते बिघाडाचं लक्षण नाही. पत्ता वाटायला राउटर नसला की विंडोज स्वतःच त्या रांगेतला पत्ता घेतं. पण तो हाताने दिलेला बरा, पुढे गोंधळ होत नाही. दोन्हीकडे लॅन कार्डच्या आयपीव्ही४ प्रॉपर्टीजमध्ये जा. जुन्याला १९२.१६८.५०.१, नव्याला १९२.१६८.५०.२, सबनेट मास्क दोन्हीकडे २५५.२५५.२५५.०. गेटवे आणि डीएनएस रिकामं सोडा. हे काम होईपर्यंत हॉटस्पॉट बंद ठेवा.

खरी अडवणूक फायरवॉलची, म्हणजे बाहेरून येणारी जोडणी अडवणाऱ्या विंडोजच्या पहारेकऱ्याची आहे. अनोळखी नेटवर्कला विंडोज "पब्लिक" समजतं आणि फाइल शेअरिंग अडवतं. दोन्ही मशीनवर ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्जमध्ये जाऊन पब्लिकखालचं फाइल अँड प्रिंटर शेअरिंग तेवढ्यापुरतं चालू करा. फायरवॉल पूर्ण बंद करू नका, तशी गरजच नाही. नंतर नव्या मशीनच्या फाइल एक्स्प्लोररमध्ये वरच्या पट्टीत दोन उलटे स्लॅश आणि पुढे जुन्याचा पत्ता टाइप करून एंटर मारा. नेटवर्कमध्ये नाव दिसण्याची वाट पाहू नका.

गंगाघाट

एवढा खटाटोप कशाला? डिस्क काढा, केसिंगमध्ये घाला, नव्याला लावा.

कारंजावाली

@गंगाघाट, पर्याय बरोबर आहे, पण लग्नसराईचं काम अजून त्याच मशीनवर चालू आहे. ते उघडायला बाबा तयार नाहीत आणि मला त्यांचं म्हणणं पटतं.

@सातपूरकर दादा, पिंग जायला लागलं! पत्ता टाकल्यावर आता यूजरनेम आणि पासवर्ड मागतंय. बाबांच्या खात्याला पासवर्डच नाही. ती जागा रिकामी सोडली तर आत घेत नाही.

सातपूरकर

घेणारही नाही. पासवर्ड नसलेल्या खात्याने फक्त त्या मशीनसमोर बसून लॉगिन करता येतं, नेटवर्कवरून नाही. विंडोजचा मूळ नियमच तसा आहे. बाबांच्या खात्याला हात लावू नका, त्यांची रोजची सवय मोडेल. जुन्या मशीनवर दुसरं खातं काढा, त्याला पासवर्ड द्या आणि "कामे" फोल्डरच्या शेअरिंग व सिक्युरिटी या दोन्ही टॅबमध्ये त्या खात्याला फक्त वाचण्याची परवानगी द्या. म्हणजे नव्या मशीनवरून चुकून काही पुसलं जाण्याची भीती राहत नाही. लॉगिन करताना आधी जुन्या कॉम्प्युटरचं नाव, मग उलटा स्लॅश, मग खात्याचं नाव.

कारंजावाली

उघडलं! "कामे" दिसतंय, आतले मराठी नावांचे फोल्डरही जसेच्या तसे. पण कॉपीचा वेग सेकंदाला ११ एमबीच्या वर जात नाही. या हिशेबाने जवळजवळ अख्खा दिवस आणि रात्र लागेल. हे असंच असतं का?

सातपूरकर

११ हा आकडा फार बोलका आहे. लिंक १०० एमबीपीएसवर (सेकंदाला १०० मेगाबिट, म्हणजे कागदावर साडेबारा एमबी) जोडली गेली की एवढंच मिळतं. १०० ला केबलमधल्या दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. एखादी तार तुटली असेल किंवा केबलला प्लग बसवणाऱ्याने चारच तारा बसवल्या असतील, तर दिवे लागतात, कामही चालतं, पण वेग खाली येतो. केबलचा पारदर्शक प्लग उजेडात धरा आणि आठही रंगीत तारा टोकाच्या पितळी पट्ट्यांपर्यंत पोचल्यात का बघा. तुटलेली तार अशी दिसेलच असं नाही, म्हणून सरळ कंपनीत तयार झालेली कॅट ५ई किंवा कॅट ६ केबल आणा, एम.जी. रोडला सहज मिळेल. जुन्या मशीनचा पोर्ट गिगाबिट आहे ना, तेही नेटवर्कच्या स्टेटसमध्ये बघून घ्या. गिगाबिटला कागदावर सेकंदाला १२५ एमबी, पण तुमची डिस्क जुनी आहे. ७०-८० मिळाले तरी तीन-साडेतीन तासांत होईल, लहान फाइल खूप असतील तर थोडं जास्त.

आणि एवढा डेटा कॉपी-पेस्टने नेऊ नका. मध्येच वीज गेली तर पुन्हा तोच हिशेबाचा घोळ. रोबोकॉपी ही कमांड विंडोजमध्येच असते. आधी कुठून, मग कुठे, मग स्लॅश ई म्हणजे सगळे उपफोल्डर. स्लॅश आर (किती वेळा प्रयत्न करायचा) आणि स्लॅश डब्ल्यू (मध्ये किती सेकंद थांबायचं) यांना लहान आकडे जरूर द्या, कारण न दिल्यास एकेका अडलेल्या फाइलसाठी ती ३० सेकंद थांबून दहा लाख वेळा प्रयत्न करत बसते. काम तुटलं तर तीच कमांड परत चालवा, झालेल्या फाइल ती सोडून देते. शेवटी किती फाइल नेल्या आणि किती फसल्या याचा तक्ता येतो. फाइल शेवटची बदलल्याच्या तारखाही तशाच राहतात.

जुळारी

डीटीपीत बरीच वर्षं आहे, म्हणून एक सांगतो. फाइल गेल्या म्हणजे काम गेलं असं नाही. श्रीलिपीचे जुने फाँट युनिकोड (सगळ्या मशीनवर सारखीच वाचली जाणारी अक्षरपद्धत) नाहीत. नव्या मशीनवर तोच फाँट नसेल तर "शुभविवाह"च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसेल. फाइल बिघडलेली नसते, फाँट बसला की मजकूर परत येतो. जुन्या मशीनवरच्या फाँटच्या फोल्डरमधले वापरातले सगळे फाँट आधी एका साध्या फोल्डरात कॉपी करून "कामे"मध्ये ठेवा. लॉकवाली श्रीलिपी नव्या विंडोजवर चालते का, हे विक्रेत्याकडून आधी पक्कं करून घ्या. तोवर जुनं मशीन विकू नका, फॉरमॅटही मारू नका.

कारंजावाली

तिघांचेही मनापासून आभार. जुन्या केबलच्या प्लगमध्ये खरंच चारच तारा निघाल्या! नवी लावल्यावर वेग ७० च्या आसपास मिळाला. रोबोकॉपीच्या तक्त्यात "फेल्ड"खाली शून्य आहे. फाँटही नेले. बाबांनी स्वतः बसून सिंहस्थाची एक निमंत्रणपत्रिका आणि दोन जुन्या लग्नपत्रिका उघडून पाहिल्या, एकही काना-मात्रा हललेला नाही. @जुळारी काका, श्रीलिपीसाठी उद्या फोन करते. आता केलेल्या सेटिंग परत फिरवायच्या का?

सातपूरकर

हो. दोन्हीकडे आयपी पुन्हा "ऑटोमॅटिक" करा, पब्लिकखालचं शेअरिंग बंद करा आणि जुन्यावरचं नवीन खातं काढून टाका. नव्या मशीनवर हॉटस्पॉट हे सगळं झाल्यावरच जोडा. आणि ९०० जीबीची तिसरी प्रत एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेऊन ती घरी ठेवा, प्रेसमध्ये नको.