मदत हवी आहे: मेसच्या स्वयंपाकघरात दिवसभर घालता येतील असे, न घसरणारे बूट आणि मोजे

नमस्कार.

सांगलीत विश्रामबाग परिसरात आमची छोटी मेस आहे. बाहेरगावाहून शिकायला आलेली मुले आणि काही नोकरदार मिळून सकाळी साधारण ८५ आणि संध्याकाळी ६० डबे जातात. स्वयंपाकघरात मी, माझ्या जाऊबाई आणि मदतीला येणाऱ्या दोन मावशी अशा चौघी जणी असतो. पहाटे साडेपाचला पहिला कुकर चढतो, आणि दुपारचे दोन-अडीच तास सोडले तर रात्री नऊपर्यंत आम्ही उभ्याच असतो. इतकी वर्षे आम्ही अनवाणी, किंवा फार तर स्लिपर घालून काम करत आलो. चुलीजवळ पायात काही घालायचे नाही हे आमच्या घरात पक्के आहे, आणि मेस घराच्याच तळमजल्यावर असल्यामुळे घरचा नियम तिथेही आपोआप लागू झाला.

गेल्या महिन्यात मात्र या नियमाचा फेरविचार करावा लागला. आमटीचे पातेले गॅसवरून उतरवून डबे भरायच्या टेबलाकडे नेताना माझा पाय घसरला. कोपराने ओट्याची कड अडवली म्हणून मी पडले नाही, पण पातेले कलंडले आणि आमटी थोरल्या मावशींच्या पायावर सांडली. थंडीचे दिवस असल्यामुळे त्यांनी मोजे घालून वर स्लिपर घातली होती. आमटी मोज्यात मुरली आणि ओला मोजा निघेपर्यंत पायाला चटका बसतच राहिला. नळाखाली वीस मिनिटे पाय धरला, नंतर डॉक्टरांना दाखवले, आणि आठवडाभरात जखम भरत आली. मी कशावरून घसरले ते नंतर वाकून पाहिले, तर तिथे तेल नव्हतेच. भाकरी थापताना उडालेले ज्वारीचे पीठ आणि मोरीकडून येता-जाता सांडलेले पाणी यांचा पातळ लगदा फरशीवर पसरला होता आणि त्यात माझ्या टाचेची हातभर लांब रेघ उमटली होती. फरशी कोट्याची आहे, आणि पंधरा वर्षांच्या वापराने गुळगुळीत झाली आहे.

त्यानंतर मी तीन गोष्टी करून पाहिल्या. मुलाचे जुने धावण्याचे बूट चार दिवस घातले. तळपायाला आराम वाटला, पण वरची जाळी उघडी असल्यामुळे फोडणीचे थेंब थेट आत येत होते आणि ओल्या फरशीवर ते बूट स्लिपरपेक्षाही जास्त सरकत होते. पावसाळी गमबूट घातले तर दुपारपर्यंत मोजे पिळून काढावेत इतका घाम येत होता. शेवटी बाजारात गेले, तेव्हा दुकानदाराने कारखान्यातले सेफ्टी शूज दाखवले. त्यांच्या पुढच्या पोलादी टोपीत माझी जोडवी अशी रुतली की मी दुकानातच ते काढून ठेवले.

म्हणून जाणकारांना विचारते. तळ कसला असावा, आणि बुटाच्या खोक्यावर किंवा तळावर लिहिलेल्या खुणांपैकी कोणत्या खुणेवर विश्वास ठेवावा? नाडीचे बूट घ्यावेत की नुसते पाय सरकवून घालायचे? आयुष्यभर अनवाणी चालल्यामुळे आम्हा चौघींचेही पंजे रुंद आहेत आणि बायकांच्या मापात मिळणारे बूट करंगळीला दाबतात; त्यावर उपाय काय? जोडवी आणि साडी यांच्यासह चालतील असे मोजे कोणते? एका जोडामागे १५०० रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. सासूबाईंची अट एवढीच की चामडे नको. ऑनलाइन दुव्यांपेक्षा, ज्यांनी स्वतः स्वयंपाकघरात उभे राहून काम केले आहे त्यांचे अनुभव वाचायला जास्त आवडतील.

प्रतिसाद १

ताई, मी बारा वर्षे कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत कँटीन चालवले आहे. तुमच्या प्रश्नांपैकी तळाबद्दल मला खात्रीने सांगता येईल, म्हणून त्यावरच सविस्तर लिहितो.

सर्वात आधी एक गोंधळ दूर करू. बुटावर ‘ऑइल रेझिस्टंट’ असे लिहिलेले असते, आणि ते वाचून आपण समजतो की हा बूट तेलावर घसरणार नाही. त्याचा अर्थ तसा नाही. तेल लागल्याने तळाचे रबर फुगणार नाही, मऊ पडून झिजणार नाही, एवढेच त्यातून कळते. ‘एफओ’ ही खूणही तळ इंधन-तेलाला टिकतो एवढेच सांगते. घसरण्याची चाचणी वेगळी असते आणि तिची खूणही वेगळी असते. एसआरए म्हणजे साबणाच्या पाण्याने ओल्या केलेल्या सिरॅमिक फरशीवर बूट तपासला आहे, एसआरबी म्हणजे ग्लिसरिन माखलेल्या पोलादी पृष्ठभागावर, आणि एसआरसी म्हणजे दोन्हींवर. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक बदलले. साबणाच्या पाण्याची चाचणी तेव्हापासून मूळ अटींतच धरली गेली, आणि ग्लिसरिन लावलेल्या सिरॅमिक फरशीवरही जो बूट उतरतो त्याला नुसते ‘एसआर’ लिहितात. दुकानांत जुना माल असतो, त्यामुळे दोन्ही प्रकारच्या खुणा दिसतील. स्वयंपाकघरासाठी एसआरसी किंवा एसआर पाहावे.

आपल्याकडचे मानक आयएस १५२९८ आहे आणि त्याचे भाग आहेत. दुकानदाराने तुम्हाला दाखवले ते दुसऱ्या भागातले, २०० जूलचा आघात झेलणाऱ्या टोपीचे बूट. त्याच मानकाच्या चौथ्या भागात कामावर घालायचे, पण टोपी नसलेले बूट येतात. तुमच्याकडे पायावर लोखंडी तुळई पडणार नाही, पातेले पडेल. त्यामुळे चौथ्या भागातले बूट मागा. दुकानदार ते आपणहून काढत नाही, कारण आमच्या भागात गिऱ्हाईक कारखान्यांतलेच जास्त.

खूण नसेल तर तळ हातात घेऊन पाहा. नखाने दाबल्यावर रबर किंचित दबले पाहिजे. खाचा फार खोल नकोत. खोल खाचांत पीठ आणि तेल बसते आणि दोन दिवसांत तळ सपाट होऊन जातो. बारीक, जवळजवळ आणि कडेपर्यंत मोकळ्या गेलेल्या खाचा असाव्यात, म्हणजे पाय टेकला की खालचे पाणी बाजूला निघून जाते. मुलाचे बूट का घसरले याचेही उत्तर बहुधा यातच आहे. त्या बुटांचा तळ बहुतेक फोमसारख्या ईव्हीएचा असतो. तो हलका आणि मऊ असतो, पण ओल्या गुळगुळीत दगडावर चांगल्या रबरासारखा पकडत नाही. म्हणून आत ईव्हीए आणि खाली रबराचा थर, तोही शक्यतो नायट्राइल या तेलाला टिकणाऱ्या कृत्रिम रबराचा, असा जोड शोधा. साधे नैसर्गिक रबर तेलात फुगते. पॉलियुरेथेनचा तळ आरामाला उत्तम, पण ओलीत पडून राहिला तर काही वर्षांत त्याचा भुगा होतो. माझा एक जोड कपाटातल्या कपाटात असा गेला आहे.

नाडीबद्दल माझे मत स्पष्ट आहे: नाडी नको. बुटात गरम तेल किंवा पाणी गेले तर एका झटक्यात तो पायातून काढता आला पाहिजे. मात्र टाच मागून बंद हवी, कारण मागे उघडा असलेला क्लॉग (नुसता पाय सरकवून घालायचा जाड तळाचा बूट) भरलेले पातेले घेऊन मागे सरकताना निघून येतो. वर छिद्रे असलेले क्लॉग तर मुळीच घेऊ नका.

प्रतिसाद २

बुटांआधी फरशी बघा, असे मी म्हणेन. बहुतेक ठिकाणी एकाच बादलीतल्या पाण्याने सगळीकडे पुसतात, आणि त्यामुळे तेल निघत नाही, ते एका कोपऱ्यातून सगळ्या खोलीत पसरते. गरम पाण्यात भांड्यांचा साबण घालून फरशीवर पाच-सात मिनिटे राहू द्यावा, दांड्याच्या कडक ब्रशने घासावे, वायपरने ओढून घ्यावे आणि मग स्वच्छ पाण्याने पुन्हा धुवावे. हे शेवटचे धुणे वगळले तर साबणाचा थर राहतो, आणि तोही तेलाइतकाच निसरडा असतो. भाकरीचे पीठ मात्र कोरडे असतानाच झाडून घ्या. त्यावर ओले फडके फिरवले की तुमच्याकडे झाला तोच लगदा होतो.

प्रतिसाद ३

ताई, मी मिरजेत फिजिओथेरपिस्ट आहे. आचारी, शिक्षिका आणि दुकानात उभे राहणारे लोक टाचदुखी घेऊन माझ्याकडे येतात. सकाळी उठल्यावर पहिली काही पावले टाकताना टाचेत कळ येत असेल तर नुसते बूट बदलून भागणार नाही, तपासून घ्या.

रुंद पंजासाठी सोपी युक्ती सांगते. संध्याकाळी, पाय सुजलेले असताना, वर्तमानपत्रावर पूर्ण भार देऊन उभ्या राहा आणि दुसऱ्या कोणाला तरी पेन्सिल सरळ उभी धरून पायाची कड आखायला सांगा. तो कागद कापून दुकानात न्या आणि बुटात आतून पसरून पाहा. कागद कडेला दुमडला तर तो बूट तुमचा नाही, मग नंबर काहीही असो. सर्वात लांब बोटापुढे अंगठ्याच्या नखाएवढी जागा मोकळी राहिली पाहिजे. पुष्कळ बायका रुंदीसाठी एक नंबर मोठा बूट घेतात. त्याने लांबी वाढते, टाच आत सरकते आणि फोड येतात. त्याऐवजी पुरुषांच्या मापातला लहान नंबर घालून पाहा. बूट हाताने वाकवाल तेव्हा तो बोटांच्या मुळाशी वाकावा. बरोबर मध्यभागी मोडत असेल तर दुपारपर्यंत तळवा दुखणार हे ठरलेले आहे.

मोज्यांबद्दल: शंभर टक्के सुती मोजा घाम शोषतो, पण ओलाच राहतो, आणि ओल्या मोज्यात दिवस काढला की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. उलट पूर्ण नायलॉनचा मोजा चुलीपाशी नको, कारण तापलेला नायलॉन वितळून कातडीला चिकटतो. सूत जास्त आणि थोडे सिंथेटिक अशा मिश्रणाचा, तळव्याला टॉवेलसारखी जाड वीण असलेला आणि घोट्याच्या वर जाणारा मोजा घ्या. वरचे इलॅस्टिक पोटरीवर खोल वळ उठवत असेल तर तो मोजा घट्ट आहे. जाड मोजे घेणार असाल तर बूट तेच मोजे घालून निवडा. हा क्रम उलटा झाला की पैसे वाया जातात. जोडव्यांसाठी पाच बोटांचे मोजे मिळतात, पण त्यांच्या शिवणी बारीक असतात आणि जोडव्यांनी लवकर उसवतात. कामापुरती सपाट, खडे नसलेली जोडवी घालणे हा त्यातल्या त्यात बरा मार्ग आहे. पोटरीवर शिरा फुगलेल्या असतील तर दाब देणारे मोजे उपयोगी पडतात, पण मधुमेह असेल किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नका.

धागाकर्तीकडून

सर्वांचे मनापासून आभार. दीड महिन्यानंतर लिहीत आहे, कारण घेतलेली वस्तू वापरून पाहिल्याशिवाय लिहू नये असे वाटले.

चौघींच्या पायांचे कागद कापून मी एकटीच दुकानात गेले, आणि दुकानदार आधी हसला. नंतर तोच माझ्या हातातून कागद घेऊन एकेका बुटात घालून पाहू लागला. बायकांच्या मापातल्या सहाही प्रकारांत माझा कागद दुमडला. पुरुषांच्या मापात सहा नंबरचा, नाडी नसलेला, पूर्ण बंद, धुता येणारा आणि खाली रबराचा वेगळा थर असलेला जोड मिळाला, त्यावर एसआरसी लिहिलेले होते. किंमत ठरवलेल्या रकमेच्या थोडी वर गेली. जाऊबाईंचा जोड मात्र दोनदा बदलावा लागला, कारण त्यांचा डावा पाय उजव्यापेक्षा मोठा आहे हे आम्हाला त्या कागदांवरूनच पहिल्यांदा कळले.

घरी आणल्यावर मोरीजवळच्या फरशीवर साबणाचे पाणी ओतले, वर मूठभर ज्वारीचे पीठ टाकले आणि दोन्ही हातांनी ओटा धरून एकेक पाय पुढे सरकवून पाहिला. नवा बूट अडत अडत पुढे जातो. जुनी स्लिपर त्याच जागी सुळकन निघून गेली. बूट अजिबात सरकत नाही असे नाही, पण सरकण्याआधी पायाला कळते. एवढे मला पुरेसे आहे.

सासूबाईंचा प्रश्न बुटांच्या फळीने सुटला. स्वयंपाकघराच्या दाराच्या आतच फळी ठोकली आहे आणि हे बूट उंबऱ्याबाहेर जाणार नाहीत असे ठरले आहे. बाहेरची धूळ त्यांना लागत नाही, चामडे नाही, मग त्यांनीही हरकत घेतली नाही. उलट परवा बाहेरच्या चपलेने आत आलेल्या डबेवाल्या मुलाला त्यांनीच दारात थांबवले. धाकट्या मावशी पहिले आठ दिवस बूट काढून ठेवत होत्या आणि मी पाहिले की घालत होत्या. आता त्या घालतात, पण भाकरीला बसताना काढतात, आणि ते बरोबरच आहे.

मोजे प्रत्येकीला चार जोड घेतले आणि दुपारच्या सुट्टीत बदलायचे ठरवले. जोडव्यांचे कोडे अर्धेच सुटले आहे: सपाट जोडवी घातली तरी मोज्याला दुसऱ्या बोटापाशी तीन आठवड्यांत भोक पडते. आतून कापडाची ठिगळे लावून पाहिली, तर ठिगळाची कडच बोचते. यावर कोणी काही उपाय केला असेल तर कळवावे. शिवाय जूनपासून इथे मोजे दोन दोन दिवस वाळत नाहीत, तेव्हा चार जोड पुरतील की सहा घ्यावेत, हेही सांगावे.